जुन्या मोटारीचे इंजिन उतरवताना

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकात गोव्यातील खनिज व्यवसाय भरभराटीला आला आणि त्या पैशाबरोबर परदेशी मोटारीही आल्या. भारताच्या सीमेवर निर्बंध आल्यानंतर मुरगाव बंदरात उतरणाऱ्या मालावर इथला बाजार चालत होता. त्या मालात जर्मन फोक्सवॅगन, ओपेल व मर्सिडीज होत्या, तशा इंग्रजी मॉरिस आणि ऑस्टिनही होत्या. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालवण्याचा नियम स्वीकारला, परंतु ब्रिटिश हिंदुस्थानाला लागून असलेल्या गोव्यात डावी बाजूच कायम राहिली. त्यामुळे १९६१ च्या मुक्तीनंतर या मोटारींना रस्त्याची बाजू बदलावी लागली नाही. मागोमाग देशी बनावटीच्या मोटारी आल्या. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सने घडवलेली अँबेसेडर २०१४ पर्यंत उत्तरपाडा येथे बनत होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली.

या पिढीतील एखादी मोटार आजही वाळपई, डिचोली किंवा पेडणे परिसरातल्या मांगरात ताडपत्रीखाली उभी असते. आजोबांची गाडी पुन्हा चालू करावी असे घरातल्या कोणाला तरी वाटते, मेस्त्रीला बोलावले जाते आणि पहिला निर्णय होतो तो इंजिन उतरवण्याचा. इंजिन आणि गिअरबॉक्स खाली घेणे हे अनुभवी माणसाला एका दिवसाचे काम आहे. अवघड असते ते सारे पुन्हा जागेवर बसवणे. इंजिन उतरवलेली आणि मग वर्षानुवर्षे तशीच राहिलेली मोटार हा जुन्या गाड्यांचा नेहमीचा शेवट आहे. म्हणून हे काम कसे करावे यापेक्षा ते परतीचा रस्ता राखून कसे करावे, याला अधिक महत्त्व आहे.

क्रमांक आणि कायदा

व्हिंटेज हा शब्द सैलपणे वापरला जातो. ब्रिटनमधील जुन्या मोटारींच्या वर्तुळात १९१९ ते १९३० या काळातील मोटारीलाच व्हिंटेज म्हणतात. भारतात मात्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज ठरते. अट एकच, पण कडक: वाहन मूळ स्वरूपात हवे, चासी, बॉडी आणि इंजिन यांत ठळक फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि फेरनोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षे वैध राहते आणि क्रमांकपट्टीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी मोटार रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

इंजिन उतरवण्याचा संबंध नेमका इथे येतो. डिझेल स्वस्त होते त्या दशकांत अनेक पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिने बसवली गेली आणि मूळ इंजिन भंगारात गेले. तेव्हा तो व्यवहार शहाणपणाचा वाटला, कारण गाडी टॅक्सी म्हणून पोट भरत होती. आज तीच मोटार मूळ स्वरूपाच्या कसोटीवर अडते. म्हणून नट सैल करण्यापूर्वी नोंदणीपुस्तकातील इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. ते कुठे असतात हे प्रत्येक मोटारीत वेगळे असते: फोक्सवॅगन बीटलमध्ये इंजिनाचा क्रमांक डायनमोच्या बैठकीखाली कोरलेला असतो, तर चासीचा क्रमांक मागच्या आसनाखाली मधल्या कण्यावर. क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा हा जुना आणि उत्तम पुरावा आहे. वाहतूक खात्यालाही तो परिचित आहे. वायर ब्रश किंवा ग्राइंडर क्रमांकाजवळ फिरू देऊ नये. गंजाबरोबर आकडाही गेला तर तो परत आणता येत नाही आणि पुन्हा कोरलेला आकडा संशयाचे कारण होतो. मूळ ब्लॉक निकामी असल्याने दुसरे इंजिन बसवणे भागच असेल, तर त्यासाठी वाहतूक खात्याची परवानगी व नोंदणीपुस्तकातील नोंद आवश्यक असते. जुना ब्लॉक मात्र मोडीत न घालता जपून ठेवावा.

वेळ आणि जागा

वाळपईचा पाऊस अनेक वर्षी दीडशे इंचांच्या पुढे जातो. आगोटीच्या तोंडावर, मे महिन्यात इंजिन उघडणे म्हणजे सिलिंडरच्या घासलेल्या भिंती चार महिने ओलसर हवेत उघड्या ठेवणे. चवथ आटोपली, दसरा झाला आणि हवा कोरडी झाली की काम हाती घ्यावे. मशीन शॉपमध्ये अडकणारे आठवडे धरूनही ते पावसाआधी संपते.

जागा सपाट आणि काँक्रीटची हवी. जांभ्याच्या किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर जॅक रुततो आणि घोडी कलंडते. गाडीखाली जायचे असेल तर वजन नेहमी घोड्यांवर, जॅकवर कधीही नाही. रचलेले चिरेही टाळावेत, कारण चिरा आधी इशारा देत नाही, एकदम फुटतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. दिवाबत्ती, विडी आणि वेल्डिंग यांना त्या दिवशी मांगरात जागा नसावी.

पाने, खुणा आणि नोंदी

अँबेसेडरच्या इंजिनावर इंची मापाचे बोल्ट असतात. फियाट आणि फोक्सवॅगनवर मिलिमीटरचे. हा भेद दुर्लक्षून जितके नट खराब होतात तितके गंजानेही होत नसतील. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसतो, पण सैल बसतो आणि घट्ट नटाचे कोपरे गोल करून टाकतो. ९/१६ इंच म्हणजे १४.३ मिलिमीटर, तिथे १४ चा पाना जात नाही आणि १५ चा फिरतो. युद्धपूर्व इंग्रजी मोटारींत व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात, ते या दोहोंपेक्षा निराळे. योग्य मापाचा रिंग पाना मिळेपर्यंत थांबणे परवडते.

सायलेन्सर आणि मॅनिफोल्ड जोडणारे स्टड सर्वांत हट्टी असतात. उष्णतेने आणि दमटपणाने ते नटाशी एकजीव झालेले असतात. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारे तेल सोडावे, नट आधी किंचित आवळावा आणि मग उलट फिरवावा. मॅनिफोल्डचा स्टड तुटला तर ब्लॉक किंवा हेडमध्ये छिद्र पाडून तो काढावा लागतो आणि एका दिवसाचे काम आठवड्याचे होते.

भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेणे आता सोपे झाले आहे, परंतु छायाचित्रात वायर कुठून निघते ते दिसते, ती कुठे जाते ते अनेकदा दिसत नाही. प्रत्येक वायरीला आणि नळीला दोन्ही टोकांना एकच क्रमांक द्यावा. कागदी चिठ्ठी इथल्या हवेत बुरशी धरते आणि शाई उडते. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने ठोकलेला आकडा टिकतो. ज्या झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्याची आकृती पुठ्ठ्यावर काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. इतर बोल्ट मात्र शक्य तिथे काढल्याजागीच दोन आटे फिरवून ठेवणे बरे.

सुटे करण्याचा क्रम

पहिली सुटते ती बॅटरी, आणि बॅटरीच्या दोन तारांपैकी आधी गाडीच्या बॉडीला जोडलेली. इथे एक सावधगिरी हवी: मॉरिससारख्या त्या काळच्या अनेक इंग्रजी मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. काढताना खूण केली नाही आणि बसवताना आजच्या सवयीने जोडले, तर डायनमो आणि त्याचा कटआउट जळतो. जुन्या बीटल गाड्यांत तर संपूर्ण यंत्रणा सहा व्होल्टची असते.

मग बॉनेट निघते. बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवली तर परत बसवताना फटी जुळतात. रेडिएटरमधील पाणी खालच्या तोटीतून सोडावे, पण ब्लॉकची स्वतंत्र तोटीही उघडावी. ती बहुधा क्षाराने बुजलेली असते आणि तारेने मोकळी करावी लागते. पाण्यात कूलंट मिसळलेले असेल तर ते उघड्यावर ठेवू नये. त्याची चव गोड असते आणि ते कुत्र्यामांजरांना मारक ठरते. ऑइल कोमट असताना काढले की गाळासह उतरते. ते डब्यात भरून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे. सत्तरीत प्रत्येक ओहोळ अखेर म्हादईला मिळतो, हे गॅरेजमागच्या नाल्यात ऑइल ओतणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे.

पुढचा भाग ठरावीक आहे: रेडिएटर व होज पाइप, कार्बोरेटरचा केबल आणि चोक, पेट्रोलची नळी, डायनमो, सेल्फ व डिस्ट्रिब्युटरच्या तारा, ऑइल प्रेशरची बारीक नळी, तापमापक. ही शेवटची वस्तू नाजूक असते. जुन्या तापमापकाची केशनळी डॅशबोर्डपासून इंजिनापर्यंत अखंड असते. ती कापली किंवा मोडली की तापमापक संपला. इंजिनापासून बॉडीकडे जाणारी जाड अर्थिंगची पट्टी विसरण्याची प्रथाच आहे, आणि इंजिन अर्धे वर गेल्यावर ती आठवते.

गिअरबॉक्ससह की गिअरबॉक्सविना

पुढे इंजिन आणि मागे चालणारी चाके अशा अँबेसेडर वा फियाटसारख्या मोटारीत दोन मार्ग उपलब्ध असतात. नुसते इंजिन काढायचे असेल तर बेल हाउसिंगभोवतीचे बोल्ट सोडवून इंजिन सरळ पुढे ओढावे लागते, कारण गिअरबॉक्सचा मुख्य दांडा क्लच प्लेटच्या मधोमध शिरलेला असतो. तो पूर्ण बाहेर येईपर्यंत इंजिन एका रेषेत राहिले पाहिजे आणि गिअरबॉक्सखाली जॅकचा आधार हवा. त्या दांड्यावर इंजिनाचे वजन क्षणभर जरी लोंबकळले तरी क्लच प्लेटची मधली नाभी वाकते. दोष तेव्हा दिसत नाही, गाडी जोडून झाल्यावर क्लच थरथरू लागतो तेव्हा कळतो.

दोन्ही एकत्र काढणे त्या मानाने निर्धोक, मात्र खाली अधिक काम असते. प्रोपेलर शाफ्ट मागच्या बाजूने सोडवण्यापूर्वी दोन्ही चकत्यांवर आरपार एक खूण करावी; शाफ्ट जसा होता तसाच बसला तर त्याचा तोल कायम राहतो. स्पीडोमीटरची केबल, क्लचची जोडणी आणि गिअरच्या दांड्या सुट्या कराव्या लागतात. फियाटमध्ये गिअर स्टिअरिंगजवळ असल्याने या दांड्यांची लांबी जुळवलेली असते, म्हणून त्यांचे नट हलवण्याआधी मोजमाप लिहून ठेवावे. गिअरबॉक्सचे तेल आधी काढले नाही तर इंजिन तिरके होताच ते शेपटातून जमिनीवर येते.

एक धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रोपेलर शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नसतो. चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंध संपलेला असतो. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचा हँडब्रेक भरवशाचा नसतोच. काम सुरू करण्यापूर्वी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडणी लावणे अनिवार्य आहे.

वजन हवेत असताना

अँबेसेडरचे इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून वजन दीडशे ते दोनशे किलोंच्या घरात जाते. घराच्या पाटलीला किंवा फणसाच्या फांदीला चेन-पुली अडकवण्याची रीत जुनी आहे आणि ती अनेकदा निभावून गेली आहे. पण जुन्या कौलारू छपराची पाटली कौलांचा पसरलेला भार पेलण्यासाठी असते, एका बिंदूवरचा ओढा सोसण्यासाठी नव्हे. वाळवीने ती आतून पोकळ झाली असली तरी बाहेरून कळत नाही. चाकांची लोखंडी क्रेन भाड्याने मिळत असेल तर तीच वापरावी. चेन-पुली वापरायची तर किमान अर्ध्या टनाची, आणि लोखंडी तिवईवर.

इंजिनाला बांधलेल्या साखळीचा कोनही मोजावा लागतो. दोन टोकांना बांधलेली साखळी आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर २०० किलोंच्या वजनासाठी प्रत्येक बाजूवर सुमारे ११५ किलोंचा ताण येतो. साखळी आखूड घेतली आणि कोन ३० अंशांवर आला की प्रत्येक बाजूवर पूर्ण २०० किलो येतात, शिवाय इंजिनावरचे बोल्ट आतल्या बाजूला ओढले जातात. छपराची उंची कमी म्हणून साखळी आखूड करण्याचा मोह होतो तो इथे घातक ठरतो. साखळी इंजिनाच्या मजबूत बोल्टांना किंवा उचलण्याच्या कड्यांना बांधावी. कार्बोरेटर, मॅनिफोल्ड वा व्हॉल्व्हवरचे पत्र्याचे झाकण यांना नाही.

साखळी ताणली गेल्यावरच माउंटिंगचे बोल्ट काढावेत. इंजिनाचे तोंड वर आणि गिअरबॉक्सची शेपटी खाली अशा तिरक्या अवस्थेत ते बाहेर येते. एका माणसाने फक्त पुली चालवावी, दुसऱ्याने चारही बाजूंनी पाहत राहावे. कुठे अडले तर जोर लावू नये. बहुतेक वेळा एखादी तार किंवा नळी राहिलेली असते. वर असलेल्या इंजिनाखाली हात, पाय किंवा डोके जाता कामा नये. इंजिन मोकळे होताच गाडी मागे ढकलावी आणि इंजिन लगेच खाली घ्यावे. दुपारच्या जेवणासाठी ते लोंबकळत ठेवून जाण्यासारखा दुसरा वेडेपणा नाही.

सगळ्याच मोटारींची रचना अशी नसते. बीटलचे हवेने थंड होणारे इंजिन मागे असते आणि ते वरून नव्हे, खालून निघते. गिअरबॉक्सला ते चारच ठिकाणी जोडलेले असते: दोन वर, दोन खाली. अ‍ॅक्सिलरेटरची केबल, पेट्रोलची नळी आणि हीटरच्या जोडण्या सोडवल्या की चाकांच्या जॅकवर इंजिन टेकवून मागे ओढायचे आणि उतरवायचे; मात्र गाडीचा मागचा भाग इंजिन खालून सरकेल इतका उंच आणि भक्कम आधारावर असायला हवा. याउलट १९२८ ते १९३१ या वर्षांतील फोर्डच्या मॉडेल ए मोटारीत प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत असतो आणि ती नळी मागच्या आसाशी जोडलेली असते. तिथे गिअरबॉक्स काढण्यासाठी अख्खा मागचा आस मागे सरकवावा लागतो. अँबेसेडरवर हात बसलेल्या मेस्त्रीनेही अशा मोटारीला हात घालण्यापूर्वी तिचे मूळ कार्यपुस्तक मिळवणे श्रेयस्कर.

खाली घेतल्यानंतर

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे झाल्यावर ज्या गोष्टी एरवी दिसत नाहीत त्या समोर येतात. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट तपासावीतच, पण क्रँकच्या टोकातील बारीक पितळी बुशही पाहावा. तो किरकोळ वाटतो, पण तो घासला असेल तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा दोनच ठरावीक ठिकाणी थांबते, म्हणून फ्लायव्हीलच्या दात्यांची झीज समोरासमोरच्या दोन जागी जास्त आढळते. दात्यांची कडी तापवून काढून पाव फेरा फिरवून बसवली की ताजे दाते सेल्फसमोर येतात. ब्लॉकवरचे पत्र्याचे गोल वेल्च प्लग याच वेळी बदलावेत. अँबेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसते, तेल परत आत ढकलणारे आटे असतात. त्यामुळे थोडी गळती ही त्या रचनेचा भाग आहे आणि ती पूर्ण बंद करण्याच्या हट्टापायी अनेक इंजिने विनाकारण उघडली गेली आहेत.

इंजिन किती उघडायचे हा खरा निर्णय आहे. ऑइल प्रेशर आणि कॉम्प्रेशन उतरवण्यापूर्वी मोजले असेल तर तो आकड्यांवर घेता येतो. नसेल तर समोर आहे म्हणून सगळेच खोलले जाते आणि सुटे भाग मिळेपर्यंत डब्यांत पडून राहते. जुन्या मोटारींचे पिस्टन आणि बेअरिंग ठरावीक वाढीव मापांतच मिळतात, म्हणून पिस्टन हाती आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नये.

इंजिन नसलेली गाडी पुढून हलकी होते, स्प्रिंगा वर येतात. ती उघड्यावर ढकलून न ठेवता घोड्यांवर, चाके जमिनीपासून किंचित वर ठेवावी. काम पावसापूर्वी संपण्याची चिन्हे नसतील तर इंजिन शक्य तितके जोडून ठेवणे उत्तम: हेड बसवलेले, मॅनिफोल्डची तोंडे झाकलेली, नाहीतर उंदीर तिथे घर करतात. स्पार्क प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल घालावे, प्लग परत लावावेत आणि इंजिन लाकडी चौकटीवर, भिंतीपासून दूर ठेवावे. महिन्यातून एकदा क्रँक पान्याने सव्वा फेरा फिरवावा. पूर्ण फेऱ्यावर थांबला तर पिस्टन पुन्हा त्याच जागी येतात, आणि गंज धरतो तो एकाच जागी उभ्या राहिलेल्या रिंगांखाली.